इनास सरांची दुरुस्ती

इनास सरांनी मला चुकीचं शिकवलं होतं, आणि हे सांगायला ते स्वतः वर्तकनगरहून कोपरला आलेले. रविवारी सकाळी साडेआठला. मी तोंडात ब्रश धरून दार उघडलं, तर समोर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी पॅंट, काखेत टोपी आणि हातात लांबट हजेरीची वही.

"सतरा," ते म्हणाले, "दात घासून घे आणि पाच मिनिटं खाली ये गो. तुला मी परेड चुकीची शिकवली. दुरुस्त करायची आहे."

शाळा सोडून मला बारा वर्षं झालेली. या बारा वर्षांत मी बऱ्याच लोकांना नाही म्हटलंय. नगरसेवकांना, बिल्डरांना, एकदा तर मला व्हॅनमध्ये बसा म्हणणाऱ्या पोलिसांनासुद्धा. सरांना म्हणता आलं नाही. पाचव्या मिनिटाला मी पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधे सावधान उभी होते. एकट्या माणसाला रांग शिकवता येत नाही म्हणून सरांनी आमच्या वॉचमनला आणि पेपर आणायला उतरलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकांना बोलावून घेतलं. मी पुढे, माझ्यामागे काका, काकांच्या मागे वॉचमन. "बघ, आता तीन रांगा असतात," सर म्हणाले. "दाहिने मुड. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी विचारलं, हे कोणत्या योजनेत येतं. सरांनी वहीत माझ्या नंबरपुढे खूण केली, वॉचमनशी हात मिळवला आणि पुढच्या माणसाकडे निघाले. पुढचा माणूस कल्याणला होता.

आता नीट सांगते. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, त्यामुळे माझ्याकडे मुद्दा आधी येतो आणि माणूस नंतर, बऱ्याचदा येतच नाही. इथे उलटं करायचं आहे.

इनास परेरा हे सैन्यात कधीही नव्हते. वागळे इस्टेटमध्ये पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते फिटर होते. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, चारला ते आमच्या शाळेच्या मैदानावर हजर. आठवड्यातून तीन दिवस. शाळेच्या कागदपत्रांत ते "मानद संचलन शिक्षक" होते, आणि पंपाच्या कारखान्यात "मौनीबाबा". कारण परेडच्या दिवशी ते पाळी सुटेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. आवाज चारसाठी राखून ठेवायचा. पाना हवा असला तर बोटाने दाखवायचे, नको असला तर मान हलवायचे. नव्या फोरमनला वाटलं यांचं काही व्रत आहे. त्याने आदराने त्यांच्या डब्यासमोर केळी ठेवली. सरांनी ती खाल्ली आणि तरीही काही सांगितलं नाही, कारण तो परेडचा मंगळवार होता आणि अडीच वाजलेले.

परेड त्यांच्याकडे घराण्यातून आलेली. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत होते, शंभरेक वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. तेव्हा काही शाळांमधून मुलांची कॅडेट पथकं असायची. खाडीकाठची, शेतीवाडीतली, मासेमारीवाल्यांची पोरं, खाकी अर्धी चड्डी, हातात लाकडाच्या बंदुका आणि समोर ओरडणारा गोरा साहेब. शाळकरी पोरांना कोणत्या राजासाठी आणि कोणत्या मरणासाठी असं उभं करत होते, यावर माझं आठ पानी पत्रक तयार आहे, पण ते इथे नको. आजोबांना त्या साहेबाने कवायतीचं एक छोटं इंग्रजी पुस्तक बक्षीस दिलं. आजोबांनी त्यात पेन्सिलीने मराठी लिहिलं आणि आपल्या मुलांना मिठागराच्या बांधावर परेड शिकवली. बांध दोन माणसांच्या रुंदीचा, आणि पुस्तकात चालायचं चार-चारच्या ओळीने. त्यामुळे सरांचे वडील आणि काका बरेचदा मिठाच्या पाण्यात परेड करायचे. वडिलांनी ती इनासला दिली. इनास सरांनी ती आम्हाला दिली. मधे कोणीही, कुठेही, कोणाला विचारलं नाही की बाहेर अजून असंच चालतं का.

तर हे चार-चार काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्यात आहे. आम्ही बत्तीस मुलं दोन रांगांत उभी. पुढच्या रांगेत एक ते सोळा, मागच्या रांगेत सतरा ते बत्तीस. सर ओरडणार, "फारम... फोर." की सगळे सम नंबर डावा पाय एक पाऊल मागे आणि उजवा पाय एक पाऊल उजवीकडे टाकून शेजारच्या विषम नंबराच्या पाठीमागे लपणार. दोन रांगांच्या चार रांगा. मग उजवीकडे वळायचं आणि चौघं-चौघं करत चालू लागायचं. "मागे, बाजूला" हे दोन शब्द आमच्या शाळेतल्या सम नंबरांच्या पायात इतके मुरलेले की राष्ट्रगीत संपलं तरी त्यांच्यापैकी एखादा मागे-बाजूला होऊन मोकळा व्हायचा.

विषम नंबरांनी हलायचं नाही. हे फार कठीण असतं. शेजारी खळबळ चालली आहे आणि आपण खांब. मी सतरा, म्हणजे मागच्या रांगेतली पहिली आणि विषम. मला वाटायचं हा योगायोग आहे. दहावीत असताना लक्षात आलं की शाळेतली सगळी चुळबुळी, भांडखोर, उलट बोलणारी पोरं विषम आहेत आणि सगळी घाबरट, तोतरी, मागच्या बाकावरची पोरं सम. मी सरांना जाब विचारला. ते म्हणाले, "ज्याला उगाच हलायची सवय आहे त्याला उभं राहता आलं पाहिजे, आणि ज्याला हलायची भीती वाटते त्याने सगळ्यांसमोर दोन पावलं टाकली पाहिजेत. बाकी परेडमध्ये काय आहे?"

नावाने ते कोणालाच हाक मारायचे नाहीत. माणसाला नंबर देणं म्हणजे तुरुंगाची भाषा, असं मी कॉलेजला गेल्यावर त्यांना ऐकवलं. तेव्हा मी नुकतीच चळवळीत आलेले आणि समोर दिसेल त्याला ऐकवत होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नाव विचारलं की आडनाव येतं गो, आणि आडनाव आलं की लोकांच्या डोक्यात सगळा गाव येतो," ते म्हणाले. "नंबर विचारला की फक्त उभं राहायची जागा येते." मी लगेच विषय बदलला आणि लाकडी बंदुकांवर घसरले.

पण बंदूक त्यांनी आमच्या हातात कधी दिलीच नाही. आजोबांची एकुलती लाकडी बंदूक त्यांच्या घरी होती आणि तिचा उपयोग मर्सीबाय, म्हणजे त्यांची बायको, कपड्यांची दोरी वर उचलून धरायला करायची. मी त्यांच्याकडे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, खायला गेले की ती बंदूक अंगणात ओल्या चादरींना आधार देत उभी असायची. सरांचं म्हणणं असं, की रिकामे हात कुठे ठेवायचे हे माणसाला कळत नाही, तेवढं शिकवलं तरी पुरे.

उन्हात उभं राहण्याचीही त्यांची विद्या होती. उभ्या उभ्या चक्कर येते ती गुडघे ताठ आवळल्यामुळे. म्हणून गुडघा किंचित सैल, आणि बुटाच्या आत पायाची बोटं सारखी हलवत राहायची. "बाहेरून पुतळा, आतून माणूस," असं ते रांगेतून फिरताना पुटपुटायचे. माझ्या चळवळीतल्या लोकांनी हे वाक्य ऐकावं म्हणून मी दोनदा पत्रकात घातलं. दोन्ही वेळा समितीने काढून टाकलं.

पत्रकावरून आठवलं. मी बावीस वर्षांची असताना "शाळांमधली परेड बंद करा" असं पत्रक काढलेलं. भाषा माझी. पहिली प्रत इनास सरांना द्यायची, तोंडावर द्यायची, असं मी ठरवलेलं, कारण पाठीमागून विरोध करणं मला पटत नाही. शाळेच्या फाटकाशी त्यांना गाठलं. त्यांनी चष्मा लावला, विश्राममध्ये उभं राहून दोन्ही बाजू वाचल्या आणि कागदाची घडी घातली.

"म्हणणं चांगलं आहे," ते म्हणाले. "हुकूम चुकलाय."

मी म्हटलं हा हुकूम नाही, आवाहन आहे.

"तेच ते. हुकमाला दोन तुकडे असतात. आधी इशारा, मग काम. मधे श्वास. 'तेज' म्हटलं की माणूस तयार होतो, 'चल' म्हटलं की चालतो. तू पहिल्याच ओळीत 'चल' म्हणतेस. लोकांनी वजन कुठल्या पायावर घ्यायचं ते तरी सांग."

मग त्यांनी माझ्याकडून वीस प्रती मागून घेतल्या आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाटल्या. स्वतःविरुद्धचं पत्रक. मौन पाळून वाटल्यामुळे कोणी प्रश्नही विचारू शकलं नाही. त्यानंतर मी शाळेतल्या परेडविरुद्ध बोलते तेव्हा आपोआप एक कलम जोडते, की एक अपवाद वगळता. माझे सहकारी यावर चिडतात. चिडू दे.

तर चूक कशी उघडकीस आली. सर सत्तरीला टेकलेले, कारखाना केव्हाच सुटलेला, पण मैदान चालू. मागच्या वर्षी नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी हौसेने जिल्ह्याच्या संचलन स्पर्धेत शाळेचं नाव घातलं. आमची शाळा याआधी कधीच गेली नव्हती. ठाण्यातल्या एका मोठ्या मैदानावर तीस-एक शाळांची पथकं. मी झेंडा आणि फलक घेऊन फाटकाबाहेर होते, स्पर्धेविरुद्ध पत्रकं वाटत, पण सरांचं पथक आलं तेव्हा गठ्ठा पोलिसाच्या हातात दिला आणि आत घुसले.

बाकी सगळी पथकं तीन रांगांत. येतात, वळतात, जातात. आमची बत्तीस मुलं दोन रांगांत आली. सर ओरडले, "फारम... फोर." सोळा मुलं एका आवाजात मागे, बाजूला. ते बघून बसलेल्या लोकांना वाटलं रांगच फुटली. आणि मग मुलं चौघं-चौघं करत, खरं सांगते, इतकी देखणी चालत गेली की माझ्यासारखीनेही पायाने ताल धरला. त्याची मला अजून लाज वाटते.

परीक्षक होते साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. गुण शून्य दिले, नियमात बसत नव्हतं. पण स्पर्धा संपल्यावर स्वतः चालत सरांकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्ये तुम्ही कुठनं आणलं? आमच्या वस्तादांचे वस्ताद असं करायचे म्हणं. मी नुसतं ऐकलंवतं. आज डोळ्यांनी बघितलं."

सरांनी विचारलं, हे बदललं कधी.

सुभेदार म्हणाले, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी.

सरांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. "कळवायला हवं होतं," ते म्हणाले.

हे ते रागाने म्हणाले नाहीत. नळाचं पाणी उद्या येणार नाही हे कळवायला हवं होतं, त्या सुरात म्हणाले. मग त्यांनी सुभेदारांकडून तिथेच, मैदानाच्या कडेला, तीन रांगांची परेड समजून घेतली. दोघा म्हाताऱ्यांनी तिसरा म्हणून मला घेतलं. एका हातात झेंड्याची काठी आणि दुसऱ्या हातात स्पर्धा बंद करा असा फलक धरून मी दाहिने मुड केलं. हात रिकामे नव्हते म्हणून सरांनी ते वहीत धरलं नाही, आणि म्हणूनच पुढे त्या रविवारी कोपरला आले.

पुढचं झटपट झालं. संस्थेच्या अध्यक्षांना निमित्तच हवं होतं. परेरा सर कालबाह्य शिकवतात, शाळेची बदनामी झाली, सबब संचलनाचं काम कल्याणच्या एका खाजगी अकादमीकडे. अकादमी म्हणजे फौजी चट्ट्यापट्ट्याचे कपडे, काळे गॉगल आणि प्रत्येक पोरामागे वेगळी फी. सरांना मैदानावर यायचीही मनाई. चाळीस वर्षं. एक पत्र, दोन ओळी, खाली शिक्का. मला कळलं तेव्हा मी ऑफिसात टेबलावर हात आपटला आणि चहा सांडला तो नेमका मोर्च्याच्या परवानगीच्या अर्जावर.

मी लगेच सह्यांची मोहीम उघडली. सरांचे जुने विद्यार्थी शोधायचे, त्यांच्याकडून निषेधावर सह्या घ्यायच्या. पण जिथे जावं तिथे सर आधीच येऊन गेलेले. ठाण्यात जागा परवडत नाही म्हणून आमच्या शाळेतले अर्धेअधिक लोक डोंबिवली-कल्याणला पांगलेत, आणि हा माणूस हजेरीची वही घेऊन दारोदार फिरून प्रत्येकाला सांगत होता, तुला मी चुकीचं शिकवलं. एका बँकेत, लंच टाइममध्ये, त्यांनी शाखाधिकाऱ्याला कॅश काउंटरसमोर उभं केलेलं. तो सम नंबर. त्याला सगळी दुरुस्ती एवढीच होती की मागे-बाजूला जायचं नाही, आणि तेच त्याला जमेना, पाय जायचाच. ग्राहकांनी टाळ्या वाजवून प्रोत्साहन दिलं. एका मुलीला नुकतंच बाळ झालेलं, तिने बाळाला खांद्यावर घेऊन परेड केली आणि ते झोपलं. एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता; त्याने जेवणाच्या टेबलावर दोन बोटांनी चालून दाखवलं, सरांनी बोटांची चाल सुधारली आणि खूण केली. कल्याणच्या एका घरी नंबर नऊ वारलेला निघाला, तीन वर्षांपूर्वी. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, तो असता तर आलाच असता, चला, मला सांगा कुठे उभं राहायचं. सरांनी तिच्याकडून करून घेतलं. खूण केली. हे मला त्या आईनेच सांगितलं, आणि सांगताना पुन्हा उभी राहून दाखवलं.

मी सरांच्या घरी जाऊन थडकले. निषेधाचा कागद समोर ठेवला. पहिलं वाक्य माझंच होतं: "एका निष्ठावान शिक्षकावर झालेला घोर अन्याय."

सरांनी चष्मा लावला. "अन्याय कुठे झाला?"

"सर, काढलं तुम्हाला."

"चुकीचं शिकवलं म्हणून काढलं. शिकवलंच होतं."

"पण त्यांना परेडशी काय घेणं आहे? त्यांना फी घ्यायची आहे."

"ते त्यांचं बघतील. मी माझं बघतो." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे केली. पानंच्या पानं खुणा. शेवटचं पान कोरं, एक ते बत्तीस. "ही आत्ताची पोरं. शाळा मला आत सोडत नाही. घरी गेलो तर आईबाप घाबरतात, शाळेला कळेल म्हणतात. त्यांच्यातल्या बारा नंबरने बूट कुठे तरी टाकून दिले. त्याला वाटतंय स्पर्धा त्याच्या पायामुळे गेली. वर्गातली पोरं सम नंबरांना चिडवतात, मागे-बाजूला, मागे-बाजूला म्हणून. मला नोकरी नको गो सतरा. मला ही बत्तीस पोरं दहा मिनिटं पाहिजेत."

मर्सीबाय आतून म्हणाली, "तिच्या कागदावर सही करा नि मोकळे व्हा. पोरीचा चहा निवतोय." सरांनी सही केली नाही.

आणि इथे मी जे केलं ते सांगते. मला वाटलं, या माणसाला लढता येत नाही, तर त्याच्या वतीने हुशारीने लढू. नवं पत्रक काढलं. "ठाण्याचा चौरांग: शंभर वर्षांचा जिवंत वारसा." चौरांग हा शब्द मी रिक्षात बसून तयार केला. इनास परेरा यांनी एक लुप्त झालेली संचलनपद्धती जाणीवपूर्वक, निष्ठेने जपली, असं लिहिलं. जाणीवपूर्वक. यावेळी पहिल्या ओळीत इशारा होता, दुसऱ्या ओळीत काम. मोबाइलवर फिरलं. एक स्थानिक पत्रकार आला, मग दुसरा. आठवड्यात अध्यक्षांना वारशाबद्दल फार प्रेम वाटायला लागलं. त्यांनी सरांना सन्मानाने बोलावलं. शनिवारी सकाळी मैदानावर छोटा कार्यक्रम, पालक, पत्रकार, माजी विद्यार्थी. परेरा सरांनी फक्त दोन शब्द बोलायचे, की आपण हा वारसा मुद्दाम जपला. आणि पथक पुन्हा त्यांचं. अकादमी आपली दुसऱ्या वर्गांना शिकवील.

मी जिंकलेले. माझ्या मोहिमा सहसा जिंकत नाहीत, त्यामुळे मी नवीन कुर्ता घातला.

शनिवारी ऊन चांगलंच होतं. बत्तीस मुलं दोन रांगांत उभी. बारा नंबरच्या पायात कोणाचे तरी मोठे बूट होते. अध्यक्ष बोलले, संस्कृती, परंपरा, आपलं ठाणे. एका बाजूला अकादमीचा नवा शिक्षक, चट्ट्यापट्ट्यात, टोपी आणि गॉगल, जेमतेम चोवीसचा, कल्याणचा मुलगा. मग अध्यक्षांनी माइक सरांच्या हातात दिला.

सरांनी माइक परत दिला. त्यांना लागत नाही.

"मुद्दाम काही जपलं नाही," ते म्हणाले. मैदानाच्या त्या टोकाला शेंगदाणेवाल्यालासुद्धा ऐकू गेलं. "मला माहीतच नव्हतं. माझ्या बापालाही माहीत नव्हतं. पोरांना चुकीचं शिकवलं गेलं, ते माझ्याकडून. त्यामुळे पथक मला नको. दहा मिनिटं द्या, दुरुस्त करतो आणि जातो."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पत्रकाकडे बघितलं. पत्रकार लिहीत होते, म्हणून अध्यक्षांना हसून "अवश्य, अवश्य" म्हणावं लागलं. मला इतका राग आलेला की मी मागे उभ्या असलेल्या बँकेतल्या शाखाधिकाऱ्याला म्हटलं, सगळं मातीत घातलं यांनी. तो म्हणाला, "गप उभी राहा ना, सतरा."

सर मुलांसमोर गेले. बत्तीसला तीनने भाग जात नाही. मग एक जागा मोकळी कुठे सोडायची तेही त्यांनी सुभेदारांकडून विचारून ठेवलेलं होतं, त्याप्रमाणे सोडली. तीन रांगा झाल्या. "दाहिने..." म्हणाले, श्वास घेतला, "मुड." आणि सोळा सम नंबरांचे डावे पाय अर्धवट मागे जाऊन परत आले. सगळी रांग हलली. पालकांत कोणी तरी हसलं. बाराचं तोंड लाल.

"जाऊ दे," सर म्हणाले. "ते पाय तुमचे नाहीत. माझे आहेत ते. मी परत घेतोय, वेळ लागेल."

पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी एकही पाय गेला नाही. बत्तीस मुलं एका आवाजात वळली.

बारा नंबरने हात वर केला. परेडमध्ये हात वर करत नाहीत, पण सरांनी मान हलवली. "सर, मग स्पर्धेत माझं चुकलं नव्हतं?"

"तुझं बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. माझं चुकलं होतं."

पोराने मान खाली घातली आणि लगेच सावधानची आठवण होऊन वर केली. दहा मिनिटं व्हायला अजून तीन होती. ती सरांनी वापरली नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली, सरळ चालत त्या अकादमीच्या मुलासमोर गेले, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"बत्तीस हजर. पथक आपल्या ताब्यात."

मुलाला काय करावं कळेना. त्याने आधी गॉगल काढला, मग अध्यक्षांकडे बघितलं, मग "थँक्यू सर" म्हणाला. सरांचा हात टोपीपाशी तसाच. सलाम घेणाऱ्याने सलाम परत करून हात खाली घेतल्याशिवाय देणाऱ्याने आपला हात खाली घ्यायचा नसतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला नव्हतं. अर्धं मिनिट गेलं. सरांचा हात जागचा हलला नव्हता. आम्ही पन्नास-साठ मोठी माणसं उभी होतो, घोषणा देणारी, बँका चालवणारी, आणि नुसते त्या हाताकडे बघत होतो.

पुढच्या रांगेतली एक मुलगी, नंबर पाच, मान न हलवता हळूच म्हणाली, "सर, तुम्ही पण सलाम करा आणि हात खाली घ्या. मग आमचे सर घेतील."

त्या मुलाचा हात वर गेला. मनगट वाकडं, बोटं फाकलेली. सरांनी डोळ्यांनीच खूण केली, त्याने बोटं जुळवली, मनगट सरळ केलं, आणि मग हात खाली घेतला. त्यानंतर सरांचा खाली आला. ते मागे वळले तेव्हा पाठीवरचा पांढरा शर्ट भिजून पाठीला चिकटलेला दिसला. ते फाटकाकडे चालत गेले, कडी काढली, बाहेर पडले आणि कडी परत लावली. बत्तीस मुलांपैकी एकानेही मान वळवली नाही, कारण तसा हुकूम नव्हता. वळून बघत उभे होतो ते आम्हीच.